जुन्या जीपचे स्टेअरिंग आणि त्यातला प्ले

मागल्या उसाच्या हंगामातली गोष्ट. सांगलीहून पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आष्ट्याजवळ अनेक आडरस्ते येऊन मिळतात. अशाच एका आडरस्त्यावर एक जुनी जीप डावीकडे वळली ती वळतच राहिली. हाकणाऱ्याने नेहमीप्रमाणे हात सैल सोडले होते. वळण संपले की स्टेअरिंगचे चाक आपोआप मागे फिरते, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा अनुभव. त्या दिवशी ते फिरले नाही. जीप चारी ओलांडून उसात शिरली. वेग बेताचा होता, समोरून कोणी येत नव्हते, म्हणून दोन सऱ्या ऊस मोडण्यावर निभावले. जीपचे मालक आमचे शेजारी. वयाने वडील म्हणून आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. ते मला म्हणाले, "सर, कालच स्टेअरिंग आवळून आणलं की हो! तसूभर प्ले ऱ्हायला नव्हता."

दोष नेमका त्या आवळण्यातच होता. तो कसा, हे नीट कळण्यासाठी आपल्याला थोडे मागे, म्हणजे बैलगाडीपर्यंत जावे लागेल.

बैलगाडी वळवायला यंत्र लागत नाही. उजव्या बैलाला थोपवले आणि डाव्याला पुढे काढले की गाडी उजवीकडे वळते. गाडीला चाके दोनच, आणि ती आखावर एकमेकांपासून मोकळी फिरतात. वळताना आतले चाक थोडे चालते, बाहेरचे पुष्कळ चालते, आणि कोणाचे कोणाशी भांडण होत नाही. चार चाके आली की मात्र पंचाईत सुरू होते. आपल्याकडे उसाच्या चार चाकी ट्रॉल्या सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांचा पुढचा सगळा आख एका लोखंडी चक्रावर आडवा फिरतो. घोड्यांच्या चार चाकी गाड्यांनाही पूर्वी हीच युक्ती असे. युक्ती सोपी खरी, पण आख फार फिरला की गाडीचा पुढचा आधार अरुंद होतो. चौरंगाचे पुढचे दोन पाय एकमेकांजवळ आणल्यासारखे होते. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली काटकोनी वळणावर का कलंडते, याचे एक कारण इथे आहे.

यावर तोड काढली जर्मनीतील म्युनिक शहरच्या एका गाडी बनवणाऱ्याने. त्याचे नाव गेऑर्ग लांकेनश्पेर्गर, आणि साल १८१७. आख जागेवर घट्ट ठेवायचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बिजागरी देऊन केवळ चाके फिरवायची, अशी त्याची कल्पना. इंग्लंडमध्ये याचे पेटंट १८१८ मध्ये त्याचा तिथला मुखत्यार रुडॉल्फ अकरमन याने घेतले, आणि नाव राहिले ते अकरमनचे! कल्पना लढवणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, असा प्रकार युरोपातही घडतो तर.

शिक्षक मंडळींना यातले गणित वर्गात सहज दाखवता येईल. वळणाऱ्या गाडीची चारही चाके न घसरता चालायची असतील, तर चारही चाकांच्या आखांच्या रेषा वाढवल्यावर एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. तो बिंदू म्हणजे वळणाचे केंद्र. मागचा आख फिरत नाही, म्हणून केंद्र त्याच्याच रेषेवर कुठेतरी पडते. विलिस जीपच्या पुढच्या-मागच्या आखांत ८० इंच अंतर असते, आणि डाव्या-उजव्या चाकांत सुमारे ४८ इंच. समजा, मागच्या आखाच्या मध्यापासून केंद्र १७६ इंचांवर आहे. मग आतल्या बाजूचे अंतर १५२ इंच, बाहेरच्या बाजूचे २००. आता ८० ला १५२ ने आणि ८० ला २०० ने भागून कोष्टकात कोन पाहा. आतले चाक सुमारे २८ अंश फिरले पाहिजे, बाहेरचे २२. म्हणजे दोन्ही चाके सारखी फिरता कामा नयेत. हा सहा अंशांचा फरक चाकांच्या बिजागऱ्यांना जोडलेले हात किंचित तिरपे ठेवून साधतात. मी गणिताचा माणूस. हा तिरपेपणा पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोणी तरी पहारीने वाकवला असावा अशीच माझी समजूत झाली होती.

मोटारगाडीचा जनक म्हणतात त्या कार्ल बेंझची १८८६ ची पहिली गाडी तीन चाकांची होती. पुढे एकच चाक ठेवले की हा प्रश्नच उरत नाही. बेंझने चार चाकांची गाडी आणली ती १८९३ मध्ये, पुढच्या दोन चाकांना अशी बिजागरी देऊनच.

आता आपल्या जीपकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा केल्या. युद्ध संपल्यावर पुष्कळ जीपा स्वस्तात बाजारात आल्या, आणि पुढे मुंबईत महिंद्रांनी विलिसच्या परवान्याने त्या जोडायला नि मग बनवायला घेतल्या. चिखलात, ओढ्यात, बांधावर चालणारी ही गाडी आमच्या कृष्णा-वारणा काठच्या बागायतदारांना मानवली नसती तरच नवल. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहायला लोक दाटी करतात. तो मान जीपला मिळत नाही. पण वयाचा हिशेब काढला तर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या कित्येक जीपा आता तितक्याच जपण्याजोग्या आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केला, त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरचे, मूळ घडणीत मोठा फेरफार न केलेले खाजगी वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. संचलन, प्रदर्शन, दुरुस्ती, तेल भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी.

तात्यांची जीप पुन्हा उभी करायला कोल्हापूरचे एक वयस्कर मिस्त्री आले. चार रविवार मी त्यांच्या हाताखाली पाने द्यायला होतो. पहिल्या दिवशी त्यांनी पेटीतून पानाच काढला नाही. तात्यांना म्हणाले, "तुम्ही वर बसा, आणि चाक दोन बोटं हिकडं, दोन बोटं तिकडं करा. मी सांगतो तवर थांबू नका." आणि स्वतः पोत्यावर उताणे झोपून गाडीखाली गेले.

वरचे चाक आणि रस्त्यावरचे चाक यांच्यामध्ये काय काय असते ते पाहा. चाकाखाली लांब दांडा. दांड्याच्या खालच्या टोकाला स्टेअरिंगची पेटी, जिला आपले मिस्त्री स्टेअरिंग बॉक्स म्हणतात. पेटीतून बाहेर निघालेला हात तो पिटमन आर्म. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक. ती जाऊन मिळते चौकटीच्या पुढच्या आडव्या पट्टीवरच्या बेल क्रँकला. ही एक कोनी तरफ आहे. मागे-पुढे होणारी हालचाल ती डावी-उजवी करते. तिच्यापासून दोन टायरॉड दोन चाकांकडे जातात, आणि प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन किंगपिनांवर फिरते. म्हणजे साखळीच आहे ही. प्रत्येक कडीत केसाएवढी फट पडली तरी सगळ्या फटी मिळून वरच्या चाकाला दोन इंच प्ले येतो. हाकणाऱ्याला जाणवतो तो एकंदर प्ले. तो कुठल्या कडीतून किती आला, हे वर बसून कळत नाही.

मिस्त्री खाली झोपून एकेका सांध्याच्या दोन भागांवर एक बोट टेकवत होते. एक भाग हलला आणि दुसरा उशिरा हलला, की बोटाला ते लगेच समजते. डोळ्याला दिसत नाही इतकी हालचाल बोट ओळखते. त्यांनी मलाही खाली बोलावून बेल क्रँकवर बोट ठेवायला लावले. तिचा बुश इतका झिजला होता की आधी तरफ खिळ्यावर उचलली जायची आणि मग कुठे फिरायला लागायची.

दोन इंच प्ले म्हणजे काही फार नाही, असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहा. स्टेअरिंगच्या चाकाचा व्यास १७ इंच धरला, तर कडेवरचे दोन इंच म्हणजे साडेतेरा अंश. या जीपच्या पेटीत वरचे चाक सुमारे बारा ते चौदा अंश फिरवावे तेव्हा खालचा हात एक अंश फिरतो. तेव्हा दोन इंच प्ले असला की रस्त्यावरची चाके एक अंशभर आपल्या मर्जीची मालक होतात. एक अंश वळलेली जीप ताशी ४० किलोमीटर वेगाने एका सेकंदात सुमारे पावणेदोन फूट बाजूला जाते, आणि ६० च्या वेगाने जवळजवळ चार फूट. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येत असेल, तर पावणेदोन फूट म्हणजे काय ते सांगायला नको.

मग तात्यांच्या मेकॅनिकने प्ले काढला यात त्याचे काय चुकले? त्याने तो सगळाच्या सगळा पेटीतून काढला. पेटीच्या बाजूला एक स्क्रू असतो, त्यावर चेकनट असतो. तो पिळला की दोन मिनिटांत प्ले नाहीसा होतो, गिऱ्हाईक खूश. पण आत काय चालते? जीपच्या पेटीत दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखी पिळदार खाच कापलेला जाड भाग असतो, आणि त्या खाचेत दुसऱ्या दांड्याच्या दोन खुंट्या चालतात. गाडी सरळ चालते तेव्हा खुंट्या खाचेच्या मधल्या भागात असतात, आणि गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. साहजिकच खाच मध्ये जास्त झिजते, दोन्ही बाजूंना कमी. करणाऱ्यांनी हे ओळखून मधला भाग मुळातच थोडा घट्ट ठेवलेला असतो, म्हणजे काही वर्षे स्क्रूने झीज भरून काढता यावी. पण ती शिल्लक एकदा संपली की पुढे स्क्रू पिळणे म्हणजे मधला प्ले काढण्यासाठी बाजूच्या न झिजलेल्या भागात खुंट्या ठोकून बसवणे. सरळ रस्त्यावर चाक झकास लागते आणि वळणावर अडकते. तात्यांचे तेच झाले.

वळणानंतर चाक आपोआप परत का येते, हेही इथेच सांगतो. सायकलचे हँडल ज्या नळीत बसते तिच्या मधून जाणारी रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या पुढे पडते. म्हणून चाक त्या रेषेच्या मागून ओढल्यासारखे चालते आणि सरळ होऊ पाहते. याच कारणाने मुले हात सोडून सायकल चालवू शकतात, आणि मास्तरांच्या छड्या खातात. मोटारीतही किंगपिनांची रेषा अशीच मागे कललेली असते, जीपमध्ये सुमारे तीन अंश. हे ओढणे हलके असते. साखळीत कुठेही काही अडकत असेल तर ते हरते. तेव्हा प्ले जसा घातक, तसा फाजील घट्टपणाही घातक, आणि माझ्या मते तो अधिक घातक. प्ले असला तर हाकणारा निदान सावध तरी असतो.

मिस्त्रींनी काम चाकांकडून सुरू केले आणि पेटी शेवटाला ठेवली. पुढची चाके जॅकने उचलून आखाखाली घोड्या लावल्या. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली त्यांनी कोणालाही डोके घालू दिले नाही. मग चाक वर आणि खाली धरून हलवले. खुळखुळते आहे. पण कशाने? चाकाच्या बेअरिंगने की किंगपिनने? तात्यांना ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक दाबला की ड्रम आणि त्याच्या मागचा पत्रा एक होतात. त्यामुळे खुळखुळ थांबली तर दोष बेअरिंगचा, न थांबली तर किंगपिनचा. इतकी साधी, बिनखर्चाची परीक्षा मी प्रयोगशाळेतही पाहिलेली नाही. डावीकडे खुळखुळ थांबली, उजवीकडे थांबली नाही.

जीपच्या किंगपिनांना वर-खाली रोलर बेअरिंग असते आणि टोपणाखाली पातळ पत्र्याच्या शिमा असतात. शिम काढली की घट्ट, घातली की सैल. इथेही अंदाज चालत नाही. टायरॉड सोडवून आणि आतले सील काढून, चाकाच्या हाताला ताणकाटा अडकवून तो फिरवायला किती जोर लागतो ते पाहायचे. कंपनीच्या पुस्तकात त्याचा आकडा दिलेला असतो. शाळेत विज्ञानाच्या कपाटात असतो तसाच ताणकाटा मिस्त्रींच्या पेटीत होता. किंगपिन सैल असले की एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थडथड कापायला लागतात, आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते कापणे थांबत नाही. जुन्या जीपवाल्यांना हा अनुभव असेलच.

बेल क्रँकचा बुश कोल्हापुरात लेथवर गनमेटलचा करून घेतला. टायरॉडची दोन टोके नवी आणली. ती टोके काढताना मिस्त्री खिळ्याच्या आट्यांवर हातोडा मारत नाहीत. डोळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन हातोडे समोरासमोर एकदम मारतात. डोळा क्षणभर दबतो आणि उतरता खिळा आपसूक सुटतो. बसवताना नट आवळला, आणि त्याची खाच नि खिळ्याचे भोक समोर आले नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत अधिक आवळायचा. मागे सैल करून भोक जुळवायचे नाही. आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी. जुन्या जीपमध्ये तिच्या जागी सायकलच्या आऱ्याचा तुकडा आणि एकदा चक्क खिळा मी पाहिला आहे. ती पिन दोन-चार रुपयांची, आणि तिच्यावर सारे कुटुंब बसून जत्रेला जाते!

उजव्या बाजूच्या हाताला वेल्डिंगचा जुना जोड दिसला तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा चिडले. तात्या म्हणाले, "बारा वर्षं झाली, काय झालं नाही." मिस्त्री म्हणाले, "तात्या, इळ्याला पाणी कसं देत्यात ठावं हाय न्हवं? मग तो पुन्यांदा चुलीत घातला तर?" लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा लोखंडाची आतली घडण बदलते आणि धार टिकते. तोच विळा पुन्हा तापवला की ते पाणी उतरते. स्टेअरिंगचे हात असेच घणाखाली घडवून, ठरावीक उष्णतेने तयार केलेले असतात. वेल्डिंगच्या ज्वाळेने जोडाशेजारचा पट्टा कुठे मऊ होतो तर कुठे काचेसारखा ठिसूळ. तो वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. मडगार्ड जोडा, बसायची फळी जोडा, पण स्टेअरिंगचा कोणताही भाग वेल्डिंगने जोडू नये, तापवून सरळही करू नये. तो हात बदलला. जुन्या भागांच्या बाजारात तो मिळायला तीन आठवडे लागले, आणि तोवर जीप घोड्यांवर उभी राहिली.

इतके झाल्यावर वरच्या चाकाला अर्धा इंचसुद्धा प्ले राहिला नाही, आणि पेटीला अजून हात लागला नव्हता. उलट मिस्त्रींनी पेटीचा तो स्क्रू आधी सैल केला. ड्रॅग लिंक सोडवली. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरते ते मोजले, निम्मे मागे आणून बरोबर मध्यावर ठेवले, आणि तिथे स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत फिरवला. नंतर चाक दोन्ही टोकांना नेऊन कुठे अडते का पाहिले. किंचित जरी अडले तर स्क्रू मागे. मध्ये जो थोडा प्ले उरेल तो उरू द्यायचा. तो फारच असेल तर आतला खाचेचा दांडा आणि खुंट्या बदलणे हाच उपाय. चौकटीला पेटी धरणारे बोल्टही त्यांनी तपासले. एक बोल्ट हाताने फिरत होता.

पेटीत पूर्वी ग्रीस भरलेले निघाले. तेल गळते म्हणून लोक ग्रीस भरतात. पण घट्ट ग्रीसमध्ये खुंट्या आपली वाट कोरून घेतात, ग्रीस दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे राहते आणि घासणारा भाग कोरडाच चालतो. पेटीला जाड गिअर तेल लागते. गळती थांबवायची तर सील बदलायचे. ग्रीस हवे ते टायरॉड, ड्रॅग लिंक आणि बेल क्रँक यांच्या निपलांना, तेही ताजे ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत.

शेवटी चाकांची चाल पाहिली. पुढची दोन चाके अगदी समांतर नसतात. पुढच्या बाजूने ती एकमेकांकडे किंचित झुकलेली असतात. या जीपला ते झुकणे इंचाच्या ३/६४ ते ३/३२, म्हणजे आपल्या सुतारी मापाने अर्ध्या सुताच्या आसपास असावे लागते. मोजायला यंत्रच पाहिजे असे नाही. चाक फिरवत टायरवर खडू लावायचा, खिळ्याने मधोमध बारीक रेघ मारायची, गाडी चार हात पुढे ढकलायची, आणि आखाच्या उंचीवर दोन रेघांमधले अंतर आधी मागून, मग पुढून घ्यायचे. दोन्ही टायरांत हवा सारखी असली पाहिजे. तात्यांच्या जीपचे हे अंतर पुढून जवळजवळ तीन सूत जास्त होते. चाके बाहेर तोंड करून चालत होती. दोन वर्षांत तीन टायर का गेले याचा उलगडा तेव्हा झाला.

चौथ्या रविवारी दुपारी मिस्त्रींनी जीप रिकाम्या खळ्यावर नेली, दोन्ही बाजूंना पुरती वळवली आणि दर वेळी हात सोडून पाहिले. चाक मागे आले. मग तात्यांना बसवून तेच करायला लावले. जाताना सांगून गेले की तीनशे किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा पाहायचे, नवा बुश बसला की थोडा सैलावतो. तात्यांची जीप एवढी चालायला आता चार-पाच महिने लागतील, म्हणून त्यांनी मीटरचा आकडा खळ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला आहे.